पंप पाचला सुरू होतो

महाप्याची पाळी अडीचला सुटते.
मी घरात न शिरता सरळ गच्चीवर जाते.
ऐरोली, सेक्टर आठ, सहा मजल्यांवर टाकी,
टाकीच्या आडोशाला फडतरेकाका,
कानटोपी, थर्मास,
आणि पीव्हीसी पाइपात बसवलेला सहा इंची आरसा.
कळव्याच्या पॉवर हाऊसमधून निवृत्त झाल्यावर
सात महिने घासला त्यांनी तो,
काचेवर काच, मधे कार्बोरंडमची पूड.
काकू म्हणायच्या, एवढ्या घासण्यात
माझा तवा तरी लखलखला असता.

माघ. पारसिकच्या डोंगरावर
टॉवरचे तांबडे दिवे एका तालात मिचकतात.
त्यांच्यावर दीड मूठ, ज्येष्ठा, तीही तांबडी,
पण ती मिचकते आपल्या मर्जीने.

तिच्या शेजारी बघ, काका म्हणाले.
बघितलं.
एक नाही, दोन डाग.
ओल्या फडक्याने पुसलेल्या पाटीवर
राहून गेलेला खडू असतो तसे,
दोन्ही गोल, दोन्ही गप्प,
शेपूट कुणालाच नाही.

एक म्हणजे लाखभर म्हाताऱ्या सूर्यांचा गुच्छ.
एक म्हणजे मळक्या बर्फाचा ढेकूळ,
या पारसिकपेक्षाही लहान असेल.
भिंगात दोघांचा भाव सारखाच.

कुण्या फ्रेंच माणसाने म्हणे यादी केली होती
धूमकेतू नसलेल्या गोष्टींची,
पुन्हा फसायला नको म्हणून.
हे नाही, हेही नाही, लिहीत गेला बिचारा,
आणि आता लोक त्याचं नाहीच बघायला
रात्रभर दव खातात.
त्या यादीतला हा चौथा नाही.
पण कुठला हा?

"तुम्हीच बघा ना."
"मी काय बघू? मोतीबिंदू पिकलाय.
मला ठाणे-बेलापूर रोडचा प्रत्येक खांब
धूमकेतू दिसतो, शेपटीसकट.
तू चित्र काढ. जो हलेल तो आपला."

चार पंचवीस. वहीत एक वर्तुळ,
पाच ठिपके, दोन डाग.
मग चहा. मग नुसतं थांबणं.
खाडीवरून कुजकट गार वारा,
पुलावर एखादाच ट्रक.

पाचला पाच कमी.
पाचला पंप सुरू होतो आणि गच्ची थरथरते,
ताऱ्यांच्या जिलब्या होतात.
मागे एकदा गुरूचे चारही चंद्र
एकमेकांत कालवले गेले होते.
काका काही न बोलता जिना उतरले,
गुडघे सांभाळत, सहा मजले.

पाच दहा. पंप बंदच.
चौथ्या मजल्यावरून सावेबाईंचा आवाज,
अहो इंगवले, नळ नुसता फुसफुसतोय!
चोवीस घरं तोंडात ब्रश धरून थांबली
कशासाठी ते न कळता.

मी श्वास धरला, काच धुरकटू नये म्हणून.
वरचा डाग होता तिथेच.
खालच्याने एक बारीक तारा
मघाशी पोटाशी घेतला होता,
तो आता बाहेर, मोकळा.
केसाएवढं अंतर.
केसाएवढंच.

जिन्यात धापा. "कुठला?"
"खालचा."
"आरशात खालचा म्हणजे वरचा," काका म्हणाले
आणि पायरीवरच बसले.
वही नाकाशी धरली,
पेन्सिलीचा डाग अंगठ्याने जरासा पसरला.
"असा?"
"अजून फिकट."
"असा?"
"कडेला अजून."

मग इंगवलेने पंप सुरू केला.