खाडा

रॉचडेल. मार्चमधला मंगळवार, रात्रीचे दहा वाजून वीस.
अर्ज बंद व्हायला एक तास एकोणचाळीस मिनिटं.
फेलोशिप मिळाली तर तीन वर्षं,
नाहीतर व्हिसा सप्टेंबरात संपतो.

"हा विषय तुम्ही का निवडलात? तीनशे शब्दांत."

पहिला खर्डा सहाशे चाळीस शब्दांचा.
त्यात इचलकरंजी होती, पहाटेची पाळी,
भुवयांवर तंतू बसून पांढरी झालेली तरणी माणसं,
आणि शेडच्या दारात, स्टुलावर, माझा स्पायरोमीटर.
गाईड म्हणाले, छान आहे, पण वर्णन काढा.
वर्णन काढलं. मग म्हणाले, विशेषणं.
तीही काढली.
दस्तगीर मोमीन आता "सहभागी क्रमांक ४७" आहे.
नळीत फुंकून झाल्यावर तो म्हणाला होता,
"मॅडम, ह्यात भोंगा बसवा की, वाजंल तरी."
हे वाक्य कुठल्याच रकान्यात बसलं नाही.

खाली डोरीन हेस्केथ टीव्हीचा आवाज बंद करून बातम्या बघतेय.
वय एक्क्याऐंशी. पंधराव्या वर्षी मिलमध्ये लागली.
मागांच्या खडखडाटात ऐकू यायचं नाही,
म्हणून सगळ्या बायका ओठांनीच बोलायच्या,
कोण कुणाबरोबर पळाली तेसुद्धा.
मी राहायला आले त्या दिवशी ती तोंड एवढं वासून बोलली
की वाटलं, बाई मला अडाणी समजते.
आठवडाभर मी फणकाऱ्यातच होते.
मग एकदा मशीन नीट चालतंय का बघायला
नळी तिच्यापुढे धरली,
आणि सवयीनं मराठीतच म्हटलं,
अजून, अजून, अजून, अजून, बास.
तिनं बरोबर "बास"वर नळी सोडली.
"कळलं तुम्हाला?"
"पोरी, नळी धरणारं माणूस दुसरं काय म्हणणार?"
मग खोकली. बराच वेळ खोकली.
पडद्यावरचा आलेख मी तिला दाखवला नाही.

अकरा वाजून पाच.
का निवडला?
कारण अप्पा मागवाल्याकडे दिवाणजी होते.
लाल कापडी बांधणीची वही, बोरूसारखं अक्षर,
माणूस कामावर आला नाही की त्याच्या नावापुढे फुली,
आणि शनिवारी पगारातून तेवढे पैसे वजा.
त्या फुलीला आमच्याकडे खाडा म्हणतात.
माझी शाळेची फी,
बारावीचा क्लास, पहिला चष्मा,
हे सगळं त्याच वहीवर चाललेल्या घरातून आलं.
दस्तगीर दुसऱ्या फेरीला आला नाही.
मी तक्त्यात लिहिलं, "माहिती उपलब्ध नाही."
नंतर चहावाल्याकडून कळलं, तो कुठल्या महिन्यात गेला ते.
तोवर तक्ता कुलूपबंद होता.
अप्पांचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं,
एवढाच काय तो फरक.

हे इंग्रजीत कसं लिहायचं?
"अनुपस्थिती" म्हटलं तर रजेचा अर्ज वाटतो,
"नुकसान" म्हटलं तर मालकाचं वाटतं.
देवनागरीत टाइप करून पाहिलं,
अर्जाच्या चौकटीत दोन रिकामे चौकोन उमटले.
मी ते थोडा वेळ तसेच राहू दिले.

अकरा सत्तेचाळीस.
"मला या विषयाची तीव्र ओढ आहे" खोडलं.
"शाश्वत" खोडलं, "सक्षमीकरण" दोन ठिकाणचं खोडलं.
त्या जागी साधं लिहिलं:
माझे वडील कामगारांच्या गैरहजेऱ्या मांडायचे.
त्या का होत्या, हे कुणी मांडलं नाही. मीही नाही, अजून.
तीनशे चार.
गाईडच्या आवडीचा एक आकडा गाळला.

बटण दाबलं तेव्हा अकरा छप्पन्न.
पडदा म्हणाला, अर्ज मिळाला, उत्तर आठ ते दहा आठवड्यांत.
मी जिन्याच्या वरच्या पायरीवर आले.
खालून, टीव्हीच्या निळ्या उजेडात,
डोरीननं ओठांनीच विचारलं, गेला?
मी ओठांनीच सांगितलं, गेला.
तिनं मान हलवली, आणि खोकला आवरत
किटलीचं बटण खाली केलं.