खाडीपलीकडे

कराडच्या पाटणकरांचा रविवारी रात्री फोन:
सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन अचानक ठरलं, येत नाही.
मंगळवार, बुधवार. दोन्ही खोल्या रिकाम्या.
ॲडव्हान्सचे दोन हजार "राहू द्या वहिनी," म्हणाले,
आणि मी "अहो, असं कसं" एकदाच म्हटलं.
दुसऱ्यांदा म्हटलं असतं
तर त्यांनी परत घेतले असते.

मे महिन्यात वेळणेश्वरात रिकामी खोली
म्हणजे उतू गेलेलं दूध.
मोरेश्वर तोंड पाडून बसले पडवीत.
मी लाइटबिल पालथं केलं
आणि पेन्सिलीने लिहिलं : सुट्टी.
खाली रेघ मारली. जरा लांबच गेली रेघ.

एसटी : बायकांना अर्धं तिकीट,
म्हणजे मी आणि मनस्वी मिळून एक माणूस.
वेदू दिवाळीत बारा पूर्ण झाला,
पण चणीने बारीक आहे...
हे लिहिलं आणि खोडलं.
कंडक्टर आमच्याच वाडीतला,
त्याच्या मुंजीत पंगतीला वाढलंय मी. पूर्ण तिकीट.
धोपाव्याहून फेरीबोट, मग दाभोळ, दापोली, आंजर्लं.
दुपारचं जेवण : घावणे, लसणीची चटणी, घरून.
पाणी घरून. टॉवेल, साबण घरून.
आंबे घरून, पण रायवळ. हापूसच्या पेट्या बांधून झाल्यात.

"समुद्र पण ने डब्यात भरून," मोरेश्वर म्हणाले.
"समुद्र बघायला समुद्र सोडून निघालेले
आपणच पहिले."

काय सांगायचं यांना.
अकरा वर्षं मी समुद्र नाही बघितला,
समुद्र बघून आलेल्यांच्या चादरी झटकल्या.
सांगलीची वाळू, पुण्याची वाळू, सगळी सारखीच,
उशीच्या अभ्र्यात कोपऱ्यात बसते
आणि बोटाला लागते.
एकदा मला कुणाच्यातरी गादीत
वाळू सांडून यायचंय.

आंजर्ल्याचा नंबर कोळंबीवाल्या हसीनाने दिला.
"चौघं आहोत," मी म्हटलं,
"मुलं लहान आहेत, जास्तीची गादी नको,
आणि थोडं कमी नाही का होणार?"
बोलले आणि कान तापले माझे.
हे वाक्य मी झोपेतही ओळखीन,
दर मोसमात ऐकते, वेगवेगळ्या गावांच्या हेलात.

पलीकडे ती गप्प झाली.
कुकरची एक शिट्टी, मग कुणीतरी नारळ खवतंय.
ती गप्प बसली तेवढ्यात काय काय मोजत असणार ते मला पाठ आहे :
सिलिंडर, सोलकढीचे नारळ, दुधाचं बिल,
बिघडलेली पाण्याची मोटार, भांडी घासायला येते तिचे पैसे,
आणि खोली रिकामी राहिली तर काय.
"बघू, करू काहीतरी," ती म्हणाली,
अगदी माझ्याच आवाजात.

"नको," मी घाईने म्हटलं. "सांगितलंत तेवढेच घ्या."
आणि बिलामागे दापोलीची चार आइस्क्रीम
दोन केली.

"कुठून येणार?"
"खाडीपलीकडून. वेळणेश्वर."
"अगोबाई, मग तुमच्याकडे नाही समुद्र?"
"आहे ना. पण त्याला बघायला येणाऱ्यांना
जेवायला मीच घालते."

ती हसली. कुकर पुन्हा ओरडला,
तिने गॅस बंद केल्याचं ऐकू आलं.
मग वहीचं पान उलटत, पेन झटकत
तिने सगळ्यांना विचारते तेच मलाही विचारलं :
"सकाळी चहा किती वाजता लागेल?"

मी पेन्सिल टेकवून उभी.
पाच म्हणाले असते, माझे पाच वाजतातच.
साडेसहा म्हणाले असते, पाहुणे साडेसहा म्हणतात.
मनस्वी खालून ओरडतेय, बॅग कुठली घ्यायची,
मोरेश्वर म्हणतायत, मोटार बंद केलीस का,
आणि बिलामागे, सगळ्यांत खाली,
फक्त "चहा" लिहिलंय,
पुढे जागा कोरी.

"नंतर कळवते हं," मी म्हटलं.