आय ऐंशी पॉइंट दोन

मिरजेत, दवाखान्याच्या तळघरात,
एक्स-रेच्या खोलीला लागून माझं टेबल.
वरचे लोक पेशंट बघतात, मी कागद बघते.
माझ्याकडे आजाराला एक अक्षर मिळतं, तीन आकडे,
आणि मध्ये एक टिंब.
त्यावाचून विमा कंपनी कुणालाच आजारी मानत नाही.

आजची फाइल: सुगंधा बाबासो हुल्ले, वय त्रेपन्न,
सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या वखारीत
निवडीला उभ्या. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा,
मध्ये भाकरीपुरतं बसणं.
डावी पोटरी बेचाळीस, उजवी साडेसदतीस,
नर्सनं टेप लावून मोजलेली.
डॉपलर म्हणतो, गुडघ्यामागची खोल शीर
दाबली तरी मिटत नाही. आत गाठ. ताजी.

संमतीच्या कागदावर त्यांची सही आहे, नीट, वळणदार.
आणि कडेला, धरलं होतं तिथं,
पिवळा अंगठा.

समडोळीच्या शाळेत सरांनी
नीला आणि रोहिणी शिकवल्या होत्या.
वर्गात रोहिणी होती एक, नीला कुणीच नव्हती.
रोहिणीला धक्का असतो, सर म्हणाले, हृदय ढकलतं तिला.
नीलेला मागनं कोणी नाही.
पायातनं वर यायचं ते चालणाऱ्याच्या पोटरीच्या जिवावर.
माणूस उभं राहिलं की रक्तही नुसतं उभं राहतं.
हे शेवटचं वाक्य सरांचं की माझं, आता आठवत नाही.

पुण्यात होते तेव्हा रात्रपाळीत
अमेरिकेचे पाय कोड केले, तीन वर्षं.
तिकडचा कोड लांब. डावा की उजवा,
मांडीतली की गुडघ्यामागची, नवी की जुनी,
सोयरीक जमवताना विचारावं तसं सगळं विचारतो.
इथला आखूड. त्याला डावं-उजवं कळत नाही.
हळद तर दोन्हीकडे नाही.

आय, ऐंशी, पॉइंट –
आणि बोट थांबलं. पहिल्या पानावर
रात्रीच्या रेसिडेंटचं अक्षर:
‘दोन वर्षांपासून त्रास.’
पॉलिसी अकरा महिन्यांची.

कसं झालं असेल ते मला खाली बसून ऐकू येतं.
पहाटे अडीचला लातूरकडचं झोपाळलेलं पोरगं विचारतंय, कधीपासून?
आणि बाई खरं तेच सांगतायत,
‘दोन वर्सं झाली बगा, सांजंला पाय भरून येतोय.’
भरून येतोय, याला कोड नाही.
म्हणजे आहे, एम एकोणऐंशी पॉइंट सहा, पाय दुखणे,
पण लावणार कोण? दोन वर्षांत त्यांनी तो पाय
दाखवला असेल तर बादलीतल्या कोमट पाण्याला.

लिफ्ट स्ट्रेचरसाठी. मी जिन्यानं तीन मजले.
आरवाडे डॉक्टर राउंडवर होते.
सर, गाठ नवी की जुनी, तेवढं लिहून द्या.
‘तुला काय वाटतं?’
मला वाटायची परवानगी नाही, सर. कागदावर असेल तेच.
ते हसले, मग हसायचे थांबले.
रिपोर्ट पुन्हा वाचला, पेन मागितलं माझंच:
‘गाठ तीव्र. सूज पाच दिवस.’ सही, तारीख, वेळ.
वरची ओळ खोडली नाही. खोडता येत नाही.
दोन्ही खऱ्या, एकीखाली एक.

चौथ्या कॉटवर उशीवर उचललेला पाय.
मी फाइल छातीशी धरून निघाले होते, हाक आली.
‘ताई, तुमी लिवायच्या कामाला का?’
हो.
‘म्हंजे दिसभर बसून?’
हो.
‘मग अदनंमदनं हिंडत जावा की वाईच.’

खाली येऊन उरलेला आकडा टाकला.
स्क्रीनवर हिरवी पट्टी: स्वीकारले.
याचा अर्थ फक्त पोचले.
खरं उत्तर एकवीस दिवसांनी.