तळाचे आकडे

साहेब, हे सातवं पत्र.
आधीच्या सहांना तुमच्या यंत्राने उत्तर धाडलं,
आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.
मोल किती, तेवढं कळवलं असतंत
तर संध्याकाळच्या लिलावात बोली लावली असती.

मी इरफाना होडेकर, मुक्काम हर्णै.
बर्फाच्या कारखान्याला लागून माझं दुकान.
मोबाईल, वायरलेस, जीपीएस दुरुस्त करते,
आणि खोली मोजणारं तुमचं यंत्र.
एकतीस आहेत या बंदरात.
तुमच्या कागदावर ती दोन वर्षांपूर्वी वारली,
इथे त्यांचा दिवा अजून हिरवा आहे.

नव्या लॅपटॉपला जोडली की ड्रायव्हर नाही म्हणतात.
हे धर्मा चोगल्यांना सांगितलं तर ते म्हणाले,
पळाला? पगार थकवला असेल कंपनीने.
मी हसले. घरी जाताना हसू आटलं.
होडी आमची, डिझेल आमचं, पाणी तर कुणाचंच नाही,
आणि चालवणारा तुमच्या कुलपात.

चिपचा नकाशा मागत नाही. कारखान्याची किल्ली नको.
रात्री दुकान बंद करून मी केबलला तार लावते
आणि ऐकत बसते.
सोळा आकड्यांची ओळ, मग पुन्हा सोळा.
पहिले दोन कायम तेच, दारातल्या सलामासारखे.
नववा नि दहावा म्हणजे खोली,
हे कळलं जेटीला बांधलेल्या होडीत,
भरतीबरोबर ते चढत गेले तेव्हा.
पहाटे तीन वाजता मी एकटीच ओरडले. कुत्री भुंकली.
बाराव्यावर अडलेय.
चिखलावर एक असतो, रेतीवर दुसराच.
तेवढा एक सांगा, आणि लेखी परवानगी द्या.
ड्रायव्हर मी लिहीन आणि उघडा ठेवीन,
म्हणजे वेरावळचं पोरगंही तो वाचील,
चुका काढील, मला शिव्या घालील.
घालू दे.

धंद्याचं गुपित म्हणाल, तर ते आम्हाला शिकवू नका.
माझ्या कासममामूंच्या डोक्यात घोळीचं एक ठिकाण होतं.
दीपगृह आणि किल्ल्याचा बुरूज एका ओळीत आले
की पुढे अमुक वाव.
पोटच्या मुलालाही अमुक किती ते सांगितलं नाही.
एका रमजानात झोपेतच गेले.
त्या घोळी आता म्हाताऱ्या होत असतील,
मुलगा दापोलीत रिक्षा चालवतो.
गुपित कुणाकडे राहिलं, साहेब?

आणि त्याच मामूंकडे शिशाचा एक गोळा होता,
बुडाला खळगा, खळग्यात चरबी.
दोरीने सोडायचा. वर ओढला की चरबीला चिकटून यायची
रेती, शिंपल्यांचा चुरा, काळा गाळ,
जो होडीत असेल त्याने बघावं.
दोरी कुणी ओढली हे शिसं विचारत नसे.
बारावा आकडा म्हणजे ती चरबी असावी, असं मला वाटतं.
चरबी तुमची, कबूल.
तिला चिकटलंय ते तुमचं कसं?

उत्तर द्यावं. आठवं पत्र तयार आहे.

*

पत्रात लिहिलं नाही ते हे
की गेल्या महिन्यात एक ईमेल आला, कुणा अनोळख्याचा.
बारावा म्हणजे तळाची कठीणता.
माझं नाव कुठे येऊ देऊ नका, दोन लहान मुलं आहेत.
वाचला, पुसला.
पुसल्याने काय विसरतं थोडंच.

ड्रायव्हर मी लिहिलाय. चालतो. सगळ्यांसाठी ठेवलाय.
बाराव्याच्या जागी स्क्रीनवर प्रश्नचिन्ह दिसतं.
धर्माकाका म्हणतात, बरं आहे,
निदान माहीत नाही असं तोंडावर सांगतं.

काल ते किल्ल्याच्या वायव्येला होते.
त्यांच्या स्क्रीनवर प्रश्नचिन्ह,
माझ्या दुकानात नुसते कच्चे आकडे,
त्यातला बारावा चढत चाललेला.
मी फोन लावला.
काका, म्हटलं, जाळं जरा उचलून घ्या.
का गो?
काही नाही, म्हटलं. असंच.