कॉलर

मे महिना. जळगावात बाहेर सेहेचाळीस,
आणि माझ्या पेटीला हवे असतात सदतीस,
म्हणजे या दिवसांत गावातली सगळ्यात थंड जागा
पेशींच्या वाट्याला आलेली.
मी दार किलकिलं करून
क्षणभर हात आत धरते. कुणी बघत नसतं.

पेशी एका बाईच्या.
त्रेपन्न वर्षांची होती, दूरच्या देशात,
रक्ताच्या कॅन्सरनं गेली, माझ्या जन्माच्या कितीतरी आधी.
नाव मला कुठे सापडलं नाही. नळीवर आहे
एक इंग्रजी अक्षर आणि तीन आकडे.
ती मेली, हे तिच्या पेशींना कुणी सांगितलंच नाही.
वाढताहेत अजून, गुलाबी पाण्यात.

तिच्यात आणि माझ्या बापात एक चूक सामाईक:
नवव्या गुणसूत्राचा तुकडा बाविसाव्याला चिकटला
आणि त्या सांध्यावर जन्मलं एक एन्झाइम
ज्याला थांबणं माहीत नाही.
काइनेज. काम टिकली लावण्याचं.
एका प्रोटीनला फॉस्फेटची टिकली,
ते पुढच्याला खुणावतं, ते त्याच्या पुढच्याला,
शेवटी केंद्रकाच्या दारात निरोप पोचतो: वाढ.
शहाण्या पेशीत लावून झालं की हात मागे घेतात.
हे लावतच बसतं.

सुपडू भारंबे.
भुसावळच्या केबिनीत एकतीस वर्षं लिव्हर ओढलेले.
त्यांना हे सगळं मी
केळीच्या वेफरच्या पिशवीवर चित्र काढून सांगितलं.
"मंग ही गोयी काय करते व माय?"
म्हटलं, एन्झाइमला एक खाच असते, तिथे इंधन बसतं.
गोळी आधीच जाऊन ती जागा अडवते.
मिटलेला हात मिटलेलाच राहतो.
ते बराच वेळ पिशवीकडे बघत राहिले.
मग म्हणाले, "कॉलर."

लाइनीवर गाडी उभी असली
की सिग्नलच्या लिव्हरला लोखंडी कडं चढवायचं.
ओढू गेलं तरी खटका दबत नाही.
"गाडी हालत नाही त्यानं. रूयही सांधत नाही.
फक्त हात आडते.
मानूस इसरते ना, म्हनून कॉलर."
आणि थोड्या वेळानं,
"किती दिवस ठेवाची?"
"रोज. जेवणानंतर, ग्लासभर पाण्यासोबत."
"म्हंजे गाडी उभीच हाये."

उभी आहे. सहा वर्षं.
पण एखाद्या लिव्हरचा आकार बदलतो,
तीनशे पंधराव्या जागी एक अमिनो आम्ल वेगळं आलं
की कडं बसतच नाही.
मी त्या बदललेल्या दांड्यासाठी कडं शोधते आहे.
बापाला हे बोललेली नाही.
शिरपूरहून आलेल्या चोवीस पांढऱ्या पुड्या.
एकोणिसावी जरा बरी वाटत होती.

शनिवारी दुपारी दोनला वीज गेली.
जनरेटरचं डिझेल मागणीपत्रात अडकलेलं.
पेटीला तापवता येतं, निववता येत नाही.
पाचला आकडा त्रेचाळीस.
एकोणिसावी दिलेल्या, न दिलेल्या,
सगळ्या सारख्याच मेल्या.
वहीत लिहिलं: निष्कर्ष नाही.
कारण: ऊन.

नायट्रोजनचा कॅन जनावरांच्या दवाखान्यातून उसना आणलाय,
झाकणावर अजून खडूनं 'गीर वळू'.
आज संध्याकाळी त्यातून दुसरी नळी काढली,
उणे एकशे शहाण्णववरून.
टाकीचं पाणी सातलाही एक्केचाळीस.
बर्फाचे खडे टाकून त्याला सदतीसवर आणलं,
आणि मिनिटभर हलवल्यावर
ती बाई पुन्हा वितळली.

नऊला फोन.
"जेवलात?"
"हो."
पलीकडे पेल्याचा आवाज, घोट,
खाकरणं, आणि मग केबिनीतला तो जुना सपाट आवाज:
"कॉलर चढवली. नंबर घे, सत्तेचाळीस."

मी वहीच्या मागच्या पानावर
सत्तेचाळीस लिहिते.