पाव इंच

अमळनेरात, बोरीच्या पलीकडे,
वीस बाय चाळीसचा तुकडा.
इंजिनिअरने कागदावर दोन रेघा जवळजवळ मारल्या,
म्हणाला, ही भिंत.
केवढी जाड?
ते तुम्ही ठरवा.

चोवीस वर्षं ब्लाउज शिवते मी.
छाती, कंबर, मुंढा, गळा,
माप ठरवायला कुणी सांगितलं नव्हतं,
अंगच सांगायचं.
आता टेप घेऊन उभी आहे
आणि समोर अंगच नाही,
नुसती मोकळी जागा, बाभळीचं एक खुंट.

नवरा नऊ इंचीच्या बाजूचा.
मे महिन्यात सेहेचाळीस डिग्री, म्हणतो,
चार इंचीत पापडासारखे भाजू.
दिराला राखेची वीट हवी,
दीपनगरहून ट्रक येतो,
कडा बघा वहिनी, इस्त्री केल्यासारख्या.
जाऊबाईंचा भाऊ मोबाईलवर पांढरे ठोकळे दाखवतो,
फुगलेले, हलके, दुपारपर्यंत खोली उभी.
पाण्यात तरंगतात म्हणे.
मला घर तरंगायला नको होतं.

शिलाईच्या वहीत, मागच्या पानावर, हिशेब मांडला.
दोन्हीकडून नऊ इंची घेतली
तर रुंदीतला दीड फूट गेला.
दीड फूट म्हणजे माझ्या मशीनचं टेबल.
भिंतीच्या पोटात गेलं मशीन.

सुपडू मिस्त्री तंबाखू मळत सगळं ऐकत होता.
चुन्याचं बोट पुसून म्हणाला,
"जी ईट एक हातमा मावस, तीच ईट शे ताई.
बाकी समदं वझं."

म्हणून भट्टीवर गेलो.
गळ्यातला टेप काढून विटेला लावला
तर झिपरूशेठ हसला,
काय शिवता तिला, परकर?
पावणेनऊ. सव्वाचार. पावणेतीन.
नऊची म्हणून विकता ना?
साचा नऊचाच आहे बाई,
आगीत पाव इंच आटते.

यावर मी काय बोलणार.
अस्तराचं कापड रात्रभर बादलीत बुडवते मी,
आधी आटवते, मग कापते.
इथे आधी कापतात.

पलीकडे मोगी साचे उपडे करत होती.
दसरा झाला की धडगावकडून येते,
ओणवी, ओळीमागून ओळ,
मागे पोरगं वाळत्या विटांवरून चाललेलं,
त्याच्या पायाचे ठसे कुणी मोजत नाही.
मी टेप पुढे केला.
तिने चिखलाचा हात पुढे केला,
तिला वाटलं बांगडीचं माप.
अंगठा सोडून सव्वातीन.

तिची खोपही विटांचीच,
सिमेंट नाही, गारा नाही, नुसती रचलेली,
कमरेच्या वर जेमतेम, वर प्लास्टिक.
किती जाड, ते मी नजरेनेच घेतलं:
एक वीट. चार इंची.
टिकते का गं?
म्हणाली, शेवटची गाडी भरेपर्यंत.

शेवटी बाहेरून नऊ, आतून चार,
म्हणजे सुपडू पहिल्या दिवशी म्हणाला होता तेच.
फक्त मधे सव्वा महिना गेला
आणि दोघं भाऊ बोलेनासे झाले.

अकरा हजार विटा तीन खेपांत आल्या.
पाऊस तोंडावर होता, तिसरी खेप घाईची.
तीत काही विटा एका बाजूने काळ्या,
भट्टीच्या काळ्या नव्हेत,
तेलकट, चुलीच्या.
एकीवर पायाची पाच बोटं, चण्याएवढी.

सुपडूने ती उलटी धरली,
ठसा आत घेऊ का बाहेर?
मी म्हटलं, खिडकीखाली लाव,
मशीनसमोर.
बाहेर?
बाहेर.
"पन पिलास्टर व्हई ना ताई, काय दिसाव शे?"

मी टेप गुंडाळला, परत उलगडला.
प्लास्टर परवा आहे.