निवृत्त नाईक निवृत्ती

धानोरीच्या त्या हॉलला रविवारी सकाळी
आदल्या रात्रीच्या लग्नाचा वास होता.
मंचामागं कुणाची तरी नावं अजून भिंतीवर,
त्यांवर घाईनं ओढलेला तिरंगी पडदा,
खालून ‘चि. सौ. कां.’ डोकावत होतं.

बाबांनी पहाटेच बूट चमकवले,
थुंकी लावून, फडक्यानं, जुन्या सवयीनं.
पदकं तीन. चौथ्याची नुसती रिबन,
पदक मीच हरवलं, भातुकलीत ताटली म्हणून.
त्यांनी कधी विचारलं नाही.

पाहुणे अकराला येणार होते, पावणेबाराला आले.
तोवर सतरा म्हातारे पाठ न टेकता बसून.
खडकीहून आलेले सुभेदार कणसे
चाकांच्या खुर्चीतून म्हणाले,
“मी तर चव्वेचाळीस वर्षं बसलोच आहे. चालू द्या.”

निवेदक पोरगा कोवळा, आवाज कमावलेला.
“निवृत्त नाईक निवृत्ती...” जीभ अडकली,
पुन्हा “निवृत्त निवृत्ती...” लोक हसले,
तो घामाघूम: “यावं, नाईकसाहेब!”
“नाईक हा हुद्दा आहे, बाळा. आडनाव धुमाळ,”
बाबा माइकशिवाय बोलले,
शेवटच्या रांगेला ऐकू गेलं.

शाल. नारळ. तुळशीचं रोप.
मग त्यानं विचारलंच,
“आजोबा, तुम्ही किती शत्रू...?”

मी खुर्चीची कड धरली.
बाबा नारळ या हातातून त्या हातात घेत राहिले.
“मी खेचरं वागवायचो,” म्हणाले.
“एकवीस वर्षं. वर पीठ, रॉकेल, पत्रं न्यायची.
खाली काय आणायचो
ते सांगत नाही, मुलं बसलीयत.
एक होती. खुरावर नंबर होता तिच्या,
आम्ही मावशी म्हणायचो.
बर्फात वाट दिसेनाशी झाली
की मी डोळे मिटून तिची शेपटी धरायचो.
तुमच्या यादीत तिचं नाव नसणार.”

निवेदकानं यादी पाहिली.
खरंच पाहिली, बोट फिरवून,
शेवटपर्यंत.

टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणाला कळेना.
सुभेदार कणशांनी खुर्चीचा ब्रेक
दोनदा खटखटवला.

परतताना रिक्षात रोप माझ्या मांडीवर,
शाल घडी मोडून बाबांच्या गुडघ्यांवर.
विश्रांतवाडीच्या सिग्नलला म्हणाले,
“पोरगा चांगला होता. बघितली त्यानं यादी.”
मग बराच वेळ काही नाही.

मला त्या पदकाचं सांगायचं होतं.
ताटलीत मी चिखलाचा भात वाढला होता,
तोही त्यांनाच.
सिग्नल सुटला.